करंजांची सुनावणी

लाल प्लास्टिकची बादली. कडी कधीच तुटली, तिच्या जागी सुतळीचा दुहेरी पीळ. ही बादली माझ्या घरात मुक्कामाला असायलाच नको होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली. इतका मी हुशार.

मी ग्रामसेवक होतो. लोक भाऊसाहेब म्हणायचे, अजूनही म्हणतात. निवृत्तीच्या बऱ्याच आधी तालुक्याच्या गावात, नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. समोर मोकळी जागा होती. नकाशात ती ‘उद्यानासाठी राखीव’, प्रत्यक्षात वेड्या बाभळी आणि विटांचा रोडा. बायको वडवणीकडची. एकदा माहेराहून येताना तिनं एसटीत मांडीवर पिशवी धरून करंजाची तीन रोपं आणली. मी म्हणालो, "जागा सरकारी आहे. परवानगी?" ती म्हणाली, "तुमी काढा परवानगी, तवर मी खड्डे करते." खड्डे झाले, रोपं लागली. परवानगी काही मी काढली नाही.

आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ आला तरी माणसं खूश असतात. उन्हाळ्यात टँकर. अशा गावात झाड जगवायचं म्हणजे कुणाच्या तरी अंघोळीचं पाणी झाडापर्यंत न्यायचं. तिनं त्यासाठी ही बादली काढली. सकाळी ज्या घराच्या दारात बादली दिसेल त्या घराची पाळी. न्हाणीचं साठवलेलं पाणी करंजांना घालायचं आणि रिकामी बादली पुढच्या दारात ठेवायची. बस, एवढाच नियम. कॉलनीतली सात घरं आणि जागेपलीकडं ऊसतोड कामगारांची वस्ती, तिथली नऊ. दसरा-दिवाळीनंतर वस्तीतली माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडं गेली की बादली ती कुलपं ओलांडून भराभर फिरायची. चैत्रात ती परतली की पुन्हा सावकाश. मी ओट्यावर पेपर वाचत हे बघायचो आणि विचारायचो, "तुझ्या ग्रामसभेला आज कोरम आहे का?" ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

झाडं वाढली. वस्तीतल्या बाया मुकादमाच्या ट्रकची वाट बघत बोचकी घेऊन त्याच सावलीत बसायच्या. शेजारचे मास्तर तिथं स्कूटर लावायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलांचा सडा पडला की बायको म्हणायची, झाडू नका, राहू द्या. सोळा घरांत कुणी तो सडा झाडला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. गेली त्या सकाळी बादली आमच्याच दारात होती. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मुलगा पुण्याला गेला. घरात मी आणि दारात बादली. मी ती भरली, करंजांना ओतली आणि परत आणून न्हाणीत ठेवली. पुढच्या दारात ठेवली नाही. सुतळीला तिनं मारलेली गाठ होती, ती दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होईना. मग रोज मीच पाणी घालू लागलो. येणारे-जाणारे म्हणायचे, "भाऊसाहेब लई करत्यात झाडांचं." खोटं कशाला सांगू, मला ते गोड वाटायचं. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं बहुतेक तेवढं एकच वाक्य असायचं. संध्याकाळी एकट्याची भाकरी थापताना मी ते मनात परत परत ऐकायचो.

मागच्या मार्गशीर्षात नगरपंचायतीच्या फलकावर कागद लागला. समोरच्या जागेचा विकास होणार: कुंपणभिंत, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, मधोमध उंच दिवा. नागरिकांनी हरकती व सूचना मुदतीत द्याव्यात, मग सुनावणी. नकाशा बघितला. चालायचा रस्ता सरळ तिन्ही करंजांवरून गेलेला. कागदावर झाडं दाखवलेलीच नव्हती, त्यामुळं ती तोडायचाही प्रश्न नव्हता.

मला हुरूप आला म्हणा ना. ती असती तर तिनं मला ढकललंच असतं, जा आता, तुमचं काम आलं. मी हरकत लिहिली: उद्यान जरूर करा, रस्ता फक्त चार हात वळवा, झाडं वाचतात. आवक क्रमांक घेतला, शिक्का घेतला. मग सह्या गोळा करायला निघालो.

पहिलं दार मास्तरांचं. त्यांनी कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला.

"गार्डन व्हतंय तर होऊ द्या की, भाऊसाहेब. नातवंडांना खेळायला जागा न्हाई. आन् झाडं तुमची, तुमी बघा."

"माझी कशी? सगळ्यांनी जगवलीत."

"जगवली, खरं हाय. पर बादली यायची बंद झाली त्याला दोन वर्सं झाली. आमाला वाटलं, वैनींच्या मागं दुसऱ्या कुनी हात लावल्यालं तुमाला चालत न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो. पुढच्या घरांतही कमीजास्त हेच ऐकायला मिळालं. एका घरात चहा मिळाला, सही नाही.

वस्तीत नऊच्या नऊ दारांना कुलपं. ज्यांना त्या सावलीची सगळ्यात जास्त गरज होती ते सगळे उसाच्या फडात. वस्तीतली एक बाई आमच्या हिच्या जिवाभावाची होती, तिला फोन लावला. मागं पाचटाची सळसळ आणि कोयत्यांचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं.

"मंग आमचे अंगठे तुमीच मारा की, भाऊसाहेब," ती म्हणाली. "सरकारी मानसं तसंच करत्यात न्हवं?"

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र लागलं, कारण ते खरं होतं. नोकरीत सभेला चार माणसं आली तरी मी रजिस्टर भरून काढायचो. आधी कोऱ्या पानावर हजेरीच्या सह्या घ्यायच्या, कमी पडल्या तर अंगठे उमटवायचे, आणि ठराव सवडीनं वर लिहायचा. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले की झोपेतही लिहीन. पण या कागदावर मी अंगठे मारले नाहीत. करंजांचा कागद तरी खरा असावा असं वाटलं. कागदावर माझी एकट्याची सही राहिली.

सुनावणीला वीस खुर्च्या मांडल्या होत्या. आलो मी एकटा. मुख्याधिकारी साहेब बीडला मीटिंगला गेलेले. एक अभियंता आणि एक कारकून होते. हा कारकून माझ्या हाताखाली काम शिकलेला, आता त्याचेही कल्ले पांढरे झालेत. तो उठून उभा राहिला, आदरानं रजिस्टर पुढं केलं. "या भाऊसाहेब. आधी सही, मग च्या."

मी सही केली. कोऱ्या पानाच्या खाली, हजेरीच्या पहिल्या ओळीवर. हात आपोआप गेला. मग मी उभा राहून पाव तास बोललो. बादलीबद्दल बोललो, वस्तीतल्या बायांबद्दल बोललो, फुलांचा सडा कुणी झाडत नाही हेही बोलून गेलो. अभियंता मोबाइलमध्ये होता. एकोणीस रिकाम्या खुर्च्यांसमोर माझा आवाज मलाच परका वाटत होता. शेवटी कारकून म्हणाला, "नोंद घेतो."

पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची नक्कल मागितली. त्यात लिहिलं होतं: हरकतदारास समक्ष ऐकून घेण्यात आले. त्यांचे समाधान झाल्याने, हरकत निकाली काढण्यात आली. उपस्थित नागरिकांनी आराखड्यास सर्वानुमते मान्यता दिली. खाली उपस्थित नागरिकांच्या सह्या. सही एकच, माझी.

कारकुनाच्या टेबलावर मी कागद आपटला. "माझं समाधान झालं हे तुला कुणी सांगितलं?"

तो खरंच गोंधळला. "भाऊसाहेब, असंच लिवायचं असतंय की. तुमीच शिकवलं, सही आधी, ठराव मागून. ह्ये वाक्य तर तुमचंच हाय."

वाक्य माझंच होतं. स्वल्पविरामसुद्धा माझ्या पद्धतीचा. किती गावांत किती माणसांचं समाधान मी असं परस्पर करून टाकलं असेल, आणि ती माणसं कागद हातात घेऊन अशीच कुठंतरी उभी राहिली असतील, हे त्या टेबलापाशी पहिल्यांदा डोक्यात आलं. मला भयंकर लाज वाटली. मी कागदाची घडी घालून बाहेर आलो.

वर अर्ज केला. त्याचं उत्तर यायच्या आत मशीन आलं. एका सकाळीत तिन्ही करंज गेले. मी सवयीनं बादली भरून ठेवली होती. दार लावून आत बसलो. दुपारी आवाज थांबला, तेव्हा बादली तशीच भरलेली होती. ते पाणी मोरीत ओतताना मी रडलो.

चैत्रात वस्ती परतली. तोवर भिंत झाली होती, ब्लॉक बसले होते. भिंतीकडेनं ठेकेदारानं कसली तरी शोभेची रोपं लावून बांबूला बांधली होती आणि तो निघून गेला होता. त्यातली निम्मी वाळलेली. ती फोनवरची बाई सामान उतरवून आधी माझ्या ओट्याशी आली. मग तिनं समोर बघितलं.

"झाडं कुटं गेली?"

मी सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा.

"आमी न्हवतो," ती म्हणाली. "तुमी तर हितंच व्हता की."

"होतो. पण एकटाच होतो."

"एकटं कावून? बादली कुटं हाय?"

मी आत जाऊन बादली आणली. तिनं सुतळीच्या गाठीवरून अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं नाही, आणि बादली घेऊन चालायला लागली. मी मागून म्हणालो, "आता कशाला? ती रोपं आपली नाहीत."

"तहान तर लागतीच की त्यांना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या रोपांना पाणी घातलं आणि बादली शेजारच्या दारात ठेवली. त्यानंतर बादली कुठं कुठं जाते ते मी रोज ओट्यावरून बघतो. काल ती वस्ती ओलांडून कॉलनीत आली. आज सकाळी मास्तरांच्या दारात होती. मास्तर बाहेर आले, तिच्याकडं बघत उभे राहिले, मग आत गेले. मी पेपर उघडून बसलो होतो, पण एक ओळ वाचली नाही. थोड्या वेळानं ते दोन्ही हातांनी भरलेली बादली सावरत भिंतीकडं गेले. त्यांच्यानंतर माझं घर आहे. मी उठलो आणि न्हाणीत पाणी साठलंय का ते बघून आलो.