शकीलाचे कान

हे मी कुणालाच सांगितलेले नाही. जिला सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्या शकीलाला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असे धरून लिहिते. खरोखर समोर असता, तर माझा आवाज इतका स्थिर राहिला नसता.

एकोणीसशे सत्तरचे दशक सरत आले होते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, लढाईत हात गमावलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी आमच्यासारख्या अपंगांसाठी पत्र्याची एक शेड उभी केली होती. फुटक्या बादल्या, डबे, पाइप आम्ही धुऊन, तोडून, निवडून वेगळे करत असू. मग यंत्रात वितळून त्यांचा नव्या वस्तूंसाठी दाणा होई. ओल्या प्लास्टिकचा आंबूस वास माझ्या पदराला दिवसभर बिलगून असे, आणि तो मला आवडे. उंब्रजहून मी एकटी एसटीने येत असे, कुबडी खिडकीशी टेकवून. घरी मी ‘बिचारी मालन’ होते. शेडमध्ये नुसती मालन. मी सुखी होते — हे आधीच सांगते, कारण पुढचे सगळे त्या सुखातूनच उगवले.

शकीला मिरजेकडची, जन्मापासून अंध. माझ्या शेजारी बसून ती प्रत्येक तुकडा फरशीवर टाकून ऐकत असे. डब्या-बादल्यांचे मऊ पॉलिथिन ‘थप्’ म्हणे, पाइपांचे कडक पीव्हीसी ‘टक्’; मग ज्याच्या त्याच्या टोपलीत जाई. “ह्यो लय उद्धट हाय गं,” ती हसून म्हणे, “पायपाच्या खानदानातला.” माझी कुबडीही ती दारापासून ओळखे. “आली बघा राणीसरकार, ठोकत ठोकत.”

मला तिची कीव येई. कीव — किती मऊ शब्द, नाही? ती पाणी प्यायला उठली, की मी तिच्या टोपल्यांवरून नजर फिरवत असे. चूक कधीच सापडली नाही. तरी फिरवत असे. का? माझ्याजवळ धड असे डोळेच तर होते; ते कुणाच्या तरी उपयोगी पडायला नकोत?

एके दुपारी तिच्या पीव्हीसीच्या टोपलीत मला चार दुधाळ तुकडे दिसले — हुबेहूब तेलाच्या डब्याचे. मी ते उचलले आणि तिच्याच पॉलिथिनच्या टोपलीत टाकले. फरशीवर टाकून ऐकले? नाही. पाहिले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी यंत्रातून काळा धूर निघाला. घशात सुया टोचाव्यात असा जळका, आंबट वास. तापल्या पॉलिथिनमध्ये पीव्हीसी करपले होते. टोपली शकीलाची होती. कुणी रागावले नाही — तेच अधिक वाईट. सुभेदार हळू आवाजात म्हणाले, “पोरी, तुझा दोष न्हाई. दिसत न्हाई म्हटल्यावर व्हायचंच. उद्यापास्नं धुण्याच्या हौदावर बस.”

“पर त्यो टक् म्हनला हुता की,” शकीला म्हणाली. मग तिने माझ्याकडे तोंड वळवले. “मालन, माझं कान चुकलं व्हय गं?”

दोन शब्द पुरले असते — मी चुकले. पण मला माझी बसायची जागा दिसत होती, एसटीची खिडकी दिसत होती, आणि घरातला तो कोपरा दिसत होता, जिथे ‘बिचारी मालन’ पुन्हा बसली असती.

“होतं गं असं कधी कधी,” मी म्हणाले.

शकीला हौदावर रमली. पाण्यात हात घालून गाणी म्हणे, सगळ्यांना हसवे. आमची मैत्रीही टिकली, वर्षानुवर्षे. पण तिने पुन्हा कधी काही वाजवून पाहिले नाही. माझी कुबडी वाजली, तरी आधी विचारी, “कोन हाय?” चहाचा कप हातात दिला, तर तोही पुढे करून विचारी, “मालन, हे चिनीमातीचं का प्लास्टिकचं गं?”

मी सांगत असे. दर वेळी, न कंटाळता. आणि — सांगताना मला बरे वाटत असे.