कट्ट्यावरची कुंडी

भूममध्ये घरी स्ट्रॉबेरी लावायची, हा बेत काही सरुबाईचा नव्हता. तिची मुलगी भाग्यश्री दिवाळीनंतर पुण्याहून आली, ती महाबळेश्वरच्या सहलीतून आणलेली पाच रोपं घेऊनच. दोन दिवस राहिली, रोपं कुंड्यांत लावली आणि "आई, रोज थोडं थोडं पाणी घाल गं," एवढं सांगून परत गेली. सांगणाऱ्याचं काय जातं! आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत थोडं म्हणजे किती, हे पुण्याला राहायला गेलेल्या माणसाला आठवत नाही.

तशी भाग्यश्री मायाळू. तिचे वडील मच्छिंद्र ओसरीवरच्या लोखंडी पलंगावर पडून असत. एसटीत ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त होऊन जरा कुठं पाय पसरले तोच अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडातले शब्दही गेले. उरले ते दोन-चार. डावा हात तेवढा शाबूत राहिला. दिवसभर समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत राहायचं, एवढंच काम. "पप्पांना बघायला काहीतरी लालभडक पाहिजे," म्हणून भाग्यश्रीने चार कुंड्या अंगणात ओळीने मांडल्या आणि पाचवी पलंगाला लागून असलेल्या कट्ट्यावर ठेवली, वडिलांच्या डाव्या हाताशी.

सरुबाईने शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. दोघींनी उचलायचं पातेलं ती एकटी चुलीवरून उतरवायची, तेव्हा अंगात ताकद नव्हती असं नाही. पण पातेलं दिवसातून एकदा उतरवायचं असतं. माणूस किती वेळा उचलायचा? सकाळी तोंड धुवायला, मग अंघोळीला, मग जेवायला बसवायला. आणि रात्रीचं तर विचारूच नका. मच्छिंद्र "सरू" अशी हाक मारायचा. ती उठायची, त्याला काखेत धरून बसवायची, लघवीचं भांडं लावायची, पुन्हा निजवायची, भांडं धुऊन यायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा "सरू".

अशाच एका रात्री तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, कितींदा उठवताव मला? जीव जाईल माजा एक दिस."

मच्छिंद्रने मान दुसरीकडं वळवली. बोलता येत असतं तरी बोलला नसता, तो स्वभावच नव्हता. सकाळी सरुबाई ते विसरूनही गेली. दमलेल्या माणसाला आपण काय बोललो ते ध्यानात राहत नाही.

त्यानंतर मात्र रात्री शांत जायला लागल्या. हाक आली तर एखादी, नाहीतर तीही नाही. नव्या गोळ्यांचा गुण आला असेल असं सरुबाईने ठरवलं आणि कितीतरी महिन्यांनी ती मेल्यासारखी झोपली.

राहता राहिलं झाडांचं पाणी. बोअरचं पाणी मचूळ म्हणून जावयाने स्वयंपाकघरात फिल्टर बसवून दिला होता. त्याच्या एका नळीतून प्यायचं पाणी यायचं आणि दुसरीतून टाकाऊ. टाकाऊ म्हणे! चांगलं नितळ, स्वच्छ दिसणारं पाणी, ते मोरीत सोडायचं? सरुबाईचा हात तसल्या उधळपट्टीला धजावला नसता. ती त्या नळीखाली बादली लावायची आणि संध्याकाळी कंबरेवर हात ठेवत अंगणातल्या चारही कुंड्यांना तांब्या तांब्या पाणी घालायची. कट्ट्यावरच्या कुंडीला मात्र नाही. तिच्यात केव्हाही बोट खुपसून बघा, माती ओलीच. सावलीत आहे म्हणून वाळत नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. आपल्यामागची एक कुंडी कमी झाली, ह्याचंच तिला बरं वाटलं.

ऊन तापायला लागलं तशा अंगणातल्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. मातीवर मिठासारखा पांढरा थर आला. सरुबाईने मग आणखी एकेक तांब्या वाढवला, तर रोपांनी मानाच टाकल्या. कट्ट्यावरचं रोप मात्र तरारलं. त्याला पांढरी फुलं आली, मग हिरवी फळं धरली आणि एक तर चक्क लाल व्हायला लागलं.

शेजारची नागूबाई येता-जाता थांबायची. "जयभीम, भाऊ," असं पलंगाकडं बघून म्हणायची आणि मग सरुबाईला चिडवायची, "समद्या झाडांत एकच लाडकं व्हय गं तुजं? बाकीची काय सवतीची हायेत?"

"मला घरातलं माणूस सांभाळंना, लाड कुठले करू," असं सरुबाई म्हणायची. ते खरंच होतं. कारण मच्छिंद्रला ताप यायला लागला होता.

डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली. "जंतू झालेत. पोटात पाणीच जात नाही यांच्या. पाणी पाजा, नाहीतर पुढच्या वेळी थेट धाराशिवला भरती करावं लागेल," ते म्हणाले.

धाराशिवचं नाव सरुबाईला नकोच होतं. मागच्या खेपेला ती धाराशिवला दवाखान्यात फरशीवर चटई टाकून राहिली होती. तेव्हा मच्छिंद्र नुसता अर्धा उरून घरी आला होता. आता नेला तर तेवढाही येईल की नाही, ही धास्ती तिला खाऊ लागली. पण पाणी जात नाही म्हणजे काय? ती स्वतः भरलेला गिलास त्याच्या डाव्या हातात देत होती आणि स्वतः रिकामा गिलास उचलून नेत होती.

"पिलाव का?" ती आतून विचारायची.

"झालं," तो म्हणायचा. उरलेल्या शब्दांतला तो एक.

ड्युटीवर असताना त्याला पाणी कमी प्यायची सवय होती, हे तिला माहीत होतं. गाडी मधे कुठं थांबवायची नाही, म्हणून सगळे ड्रायव्हर तसंच करायचे. पण आता कुठली गाडी चालवायची होती? ती गिलासामागून गिलास देत राहिली. रिकामे गिलास परत येत राहिले, आणि ताप दोनदा येऊन गेला.

एका रविवारी भाग्यश्रीने व्हिडिओ कॉल केला. आईने फोन अंगणात फिरवून तिला झाडं दाखवली, तशी ती ओरडलीच.

"आई, ह्यांना पाणी कुठलं घालायलीस?"

"फिल्टरचं. दुसऱ्या नळीचं."

"अगं, सगळा खार त्याच्यातच येतोय! त्यानंच जळाली ती. तांदळाचं, भाजीचं धुतलेलं घालत जा. पण मग पप्पांजवळचं कसं काय इतकं छान आलं? त्याला गोडं पाणी घालतीस का?"

"त्याला म्या घालतच न्हाय," सरुबाई म्हणाली. आणि म्हणता म्हणताच ती थबकली. फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी होती. कुंडी कट्ट्यावर, वर पत्रा, घरात माणसं दोन. त्यातलं एक पाणी घालत नाही.

दुपारी तिने नेहमीसारखा गिलास भरून दिला, आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. मच्छिंद्रने गिलास ओठाला लावला, ओठ ओले होतील एवढंच पाणी घेतलं. मग मान वळवून एकदा दाराकडं बघितलं. डावा हात हळूच कट्ट्याकडं नेला आणि पानं बाजूला सारून, बुडाशी, थेंबही बाहेर सांडू न देता सगळा गिलास रिता केला. घाटातली वळणं घ्यावीत तसं सावकाश, जपून काम.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं? काय झालं?" सरुबाई दाराआडून बाहेरच आली. "म्या तुमाला पाजायलेय का त्या झाडाला? डाक्टर बोंबलून सांगायलाय, म्या इथं मरमर करायलेय, आन तुमी! जीवावर उठलाव का सोताच्या?"

मच्छिंद्र चोरी पकडल्यासारखा झाला. अर्ध्या तोंडाने त्याने शब्द जुळवायचा प्रयत्न केला. पहिला फिसकटला. मग म्हणाला, "रातचं."

"रातचं काय?"

"उठतीस," तो म्हणाला. "तू... उठतीस."

सरुबाईला एकदम सगळं कळलं. गोळ्यांचा गुण नव्हता तो. आपल्याला मिळालेली एकेक झोप ह्या माणसाने तहानलेलं राहून दिली होती, आणि आपण ती ढाराढूर घेतली. तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग रडू आलं. कट्ट्यावर बसून रडली. उभ्याने रडायचीही ताकद अंगात नव्हती.

रडून झाल्यावर पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "दवाखान्यात नेलं तर उठायचं चुकतंय व्हय माजं? तिथं तर निजायलाच मिळंना. ऐका. म्या कुरकूर करीन, वाट्टंल ते बोलीन, पर उठीन. तुमी पाणी प्या."

ती आत गेली, गिलास काठोकाठ भरून आणला आणि समोर उभी राहिली. मच्छिंद्र प्यायला. ती त्याच्या गळ्याची हालचाल बघत राहिली, शेवटच्या घोटापर्यंत. मग तिने लाल झालेलं ते एक फळ तोडलं, दातांनी अर्धं करून एक तुकडा त्याच्या तोंडात घातला. त्याचं अर्धं तोंड वाकडं झालं. तिचंही झालं.

"चिंच बरी ह्याच्यापरीस," ती म्हणाली. "लेकीला सांगू नका."

तिने त्याला दिवसभर पाणी पाजलं. संध्याकाळी करपलेल्या चार कुंड्यांना तांदळाचं धुवण घातलं; जगतील की नाही कोण जाणे. भाकरी झाल्या, भांडी झाली. मग तिने पलंगाशेजारी सतरंजी टाकली आणि हळूहळू, एकेक मणका टेकवत, अंग सोडलं. डोळे मिटले.

"सरू."

हाक भीत भीतच आली होती.

"आत्ता कुठं पाठ टेकली व्हती माजी," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.