पट्टी मारलेली पेटी

पप्पांना जाऊन आता आठ महिने झाले. कात्रपचं घर आवरताना माळ्यावर माझी हॉस्टेलची पत्र्याची पेटी सापडली. रंग उडालाय, एक कडी निखळलीय, पण झाकणाच्या कडेला लोखंडी पट्टी आवळल्याची खाच अजून तशीच आहे. ती बघितली आणि त्या दिवशी पुढचं काही आवरलं नाही.

बारावीनंतर मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघंच. पप्पा आनंदनगरच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. तयार माल खोक्यांत भरायचा, यादीशी ताडून बघायचा आणि ट्रकवर चढवायचा, हे त्यांचं काम. सकाळची पाळी करून चारला घरी यायचे. स्वयंपाकघरात जायचे ते फक्त पाणी प्यायला. मी गेल्यावर हा माणूस काय खाणार, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. तो मी कुणाला सांगितला नाही. त्याऐवजी एक वही केली.

एका पानावर एक पदार्थ. वरण, भात, बटाट्याची भाजी, अंड्याचं कालवण, सुकट, भाकरी. पप्पांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं.

"चवीपुरतं मीठ म्हणजे किती?"

"चवीपुरतं म्हणजे चवीपुरतंच ना, पप्पा."

"असं लिहून माल पाठवला तर पार्टी गाडी परत करेल," ते म्हणाले आणि वही पिठाच्या डब्यावर ठेवून दिली.

दाखल्यांसाठी त्या दिवसांत मी उल्हासनगरला तहसील कचेरीत खेटे घालत होते. येताना हॉस्टेलने दिलेल्या यादीतली एखादी वस्तू आणायची, कधी बादली, कधी चादर. संध्याकाळी घरी पोचले की करपल्याचा वास यायचा. पप्पा खिडक्या उघडून पेपर वाचत बसलेले असायचे. "शेजारच्या काकूंचं दूध उतू गेलं," म्हणायचे. रोज कसं उतू जातं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पेटी घ्यायला मात्र रविवारी दोघं गेलो. सिंधी दुकानदाराने झाकण वाजवून दाखवलं.

"शादी है क्या, बेटी की?"

"शादी नहीं, कॉलेज," पप्पा म्हणाले.

"फिर तो मजबूत वाली लो, भाईसाब. शादी वाली पेटी एक ही बार जाती है. ये तो हर छुट्टी में आएगी-जाएगी."

पप्पांनी मजबूत घेतली.

मी ती भरायला बसले आणि रोज तिच्यातलं काहीतरी बाहेर काढू लागले. गजराचं घड्याळ काढलं, पप्पांना सकाळच्या पाळीला उठावं लागतं म्हणून. आईने शिवलेली गोधडी काढली, त्यांना थंडी सोसत नाही म्हणून. मग थर्मास. पाचव्या दिवशी पेटी अर्धी रिकामी होती. जेवताना मी म्हणाले, "उल्हासनगरच्या कॉलेजातपण हा विषय आहे. रोज घरून जाता येईल."

पप्पांनी ताटातला भात संपवला, ताट धुतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून त्यांनी कारखान्यातून लोखंडी पट्टीचं भेंडोळं आणि ती आवळायचं हत्यार आणलं. मला म्हणाले, "काकूंना भेटून ये, उद्या घाई होईल." मी परत आले तर पेटीवर दोन पट्ट्या करकचून आवळलेल्या.

"पप्पा, माझं भरायचं राहिलंय अजून."

"राहिलेलं मी भरलं. पट्टी मारली की माल उघडायचा नाही. कंपनीचा नियम आहे."

त्यांच्या ओळखीच्या टेम्पोतून आम्ही पुण्याला गेलो. खोलीत पेटी ठेवून, पंखा चालतो का ते बघून ते त्याच टेम्पोने परत फिरले. ते गेल्यावर लक्षात आलं, पट्टी कापायला काहीच नाही. आयुष्यभर पप्पांनी पट्ट्या मारल्या. पुढे त्या कापण्याचं काम माल घेणाऱ्याचं असतं, आणि त्याच्याकडे कटर असतो. इथे माल घेणारी मीच होते.

अनोळखी माणसाला वेळसुद्धा न विचारणारी मी दारोदार फिरले. कुणी कात्री दिली, कुणी नेलकटर.

"काय गं, सोनं भरलंय का आत?" एकीने विचारलं.

"चादरी आहेत."

ती इतकी हसली की बाकीच्या खोल्यांची दारं उघडली. शेवटी मेसच्या मामांनी पक्कड आणून पट्ट्या तोडल्या. तोवर सगळा मजला मला पट्टीवाली म्हणू लागला होता, आणि रात्री जेवायला हाक मारायला चौघी आल्या.

पेटीत मी काढून ठेवलेलं सगळं होतं. घड्याळ, गोधडी, थर्मास. आणि तळाशी वही. पप्पा मालाच्या यादीवर करायचे तशी लाल पेन्सिलीची बरोबरची खूण प्रत्येक पानावर होती. कालवणाच्या पानावर खुणेशेजारी लिहिलं होतं, 'तीनदा केले. पहिल्यांदा मीठ जास्त.' करपल्याचा तो वास कुठून यायचा, ते मला तेव्हा कळलं. फक्त भाकरीच्या पानावर खूण नव्हती. तिथे होतं, 'बाकी.' ट्रकमध्ये चढायचा राहिलेल्या मालापुढे ते हेच लिहायचे.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा घरी आले, सुट्टीत आणि पुढे नोकरीतूनसुद्धा, तेव्हा पप्पा पिठाचा डबा काढून ओट्यावर ठेवायचे. "भाकरी तेवढी मला जमत नाही बघ." मी भाकऱ्या थापायचे आणि ते दाराशी स्टुलावर बसून कारखान्यातलं काहीबाही सांगायचे.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे गेल्यावर काकू भांडी विसळायला थांबल्या.

"तुझे पप्पा भाकरी काय सुंदर करायचे गं. माझ्याहून पातळ. माझा हात मोडला होता ना, तेव्हा महिनाभर त्यांच्याच हातची खाल्ली आम्ही."

"कधी, काकू?"

"तू हॉस्टेलला गेलीस त्याच वर्षी."

वही अजून पेटीतच आहे. काल लाल पेन्सिल शोधून काढली आणि भाकरीचं पान उघडलं. खूण केली नाही. 'बाकी' तसंच ठेवलं आणि पीठ मळायला उठले.