उजव्या खुर्चीतले तास

लायसन्स मिळालं त्या आठवड्यात बाबांनी पारशिवनीच्या बाजारात भेटेल त्याला सांगून टाकलं, की पोरगी आता महिन्याभरात विमान चालवणार. त्यांची काही चूक नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी विमानात बसलंसुद्धा नव्हतं. लायसन्स आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्यांना कोण सांगणार?

खरं तर मलाही ते पुरतं कळलं नव्हतं. लायसन्ससाठी दोनशे तास उडावं लागतं, तेवढं मी उडले होते. विमान कंपन्यांच्या जाहिराती उघडल्या तर बहुतेकांना त्याच्या कितीतरी पट तास हवे होते, तेही त्यांच्याकडच्या मोठ्या विमानावरचे. नवख्यांची भरती अधूनमधून निघायची, पण दोनशे तासवाले देशभर माझ्यासारखेच वाट बघत बसलेले.

घरी गेले की बाबा अंगणातच धरायचे.

"काहून वं, अजून बोलावलं नाही त्याईनं?"

"बाबा, त्याईले अनुभव पाहिजे."

"मंग घे ना अनुभव."

"इमान देतीन तवाच अनुभव भेटन ना!"

बाबा म्हणाले, "म्या ट्रॅक्टरवर डायवर ठेवला, त्याले काही इचारलं नव्हतं."

"म्हणूनच तं बांध फोडला त्यानं," आई आतून म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

शेवटी मी शिकवायचं ठरवलं. प्रशिक्षकाची परीक्षा दिली आणि नागपुरातच एका फ्लाइंग स्कूलमध्ये लागले. सदरला एक खोली घेतली. सकाळी हवा शांत असते म्हणून उजाडता उजाडता स्कूटीने विमानतळ गाठायचं आणि ऊन तापेपर्यंत उडायचं. एप्रिल-मेमध्ये तर दहाच्या पुढे ते छोटं विमान तव्यासारखं तापायचं आणि खाली-वर असं हिंदकळायचं, की विद्यार्थ्याचा नाश्ता आत राहील की बाहेर येईल याचीच काळजी.

छोट्या विमानात शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. माझ्या मते उजवीकडे बसणारीचं सगळ्यात अवघड काम म्हणजे हात गुडघ्यावर ठेवणं. शिकणारा चुकतोय हे दिसत असतं, पण आपण लगेच दांडा धरला तर तो कधीच शिकत नाही, आणि फार उशिरा धरला तर दोघांचंही कठीण. मधला तो नेमका क्षण ओळखायचा, आणि तोवर आवाज न चढवता बोलत राहायचं. पहिल्या महिन्यात मी गुडघे इतके घट्ट धरायचे, की उतरल्यावर पँटवर तळहातांचे घामेजले ठसे दिसायचे.

माझा एक विद्यार्थी उमरेडचा होता, विणकरांच्या घरातला. बाकी सगळं उत्तम, पण उतरताना धावपट्टी अजून खाली असतानाच विमानाचं नाक उचलायचा. मग विमान धप्पकन आदळायचं. एका सकाळी मी नुसतं म्हणत राहिले, "थांब... अजून थांब... थांब... आता." चाकं टेकली ते मलासुद्धा जाणवलं नाही.

"मॅडम, तुम्ही धरलं होतं ना?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. विमान जागेवर नेईपर्यंत तो एकटाच हसत होता.

त्याचं लायसन्स झालं आणि त्याच सुमारास एका कंपनीने नवखे घ्यायला सुरुवात केली. आम्ही दोघांनीही अर्ज केला. त्याला बोलावलं आणि त्याला घेतलंही. मला बोलावलंच नाही. माझी अडचण अशी झाली होती, की नवखी म्हणावी तर तास जास्त, आणि अनुभवी म्हणावी तर विमान लहान. तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला आणि अपराध्यासारखा उभा राहिला.

"मॅडम, हे बरोबर नाही झालं. तुम्ही शिकवलं अन् मी चाललो."

"मग मी शिकवलेलं वाया गेलं असतं तर बरोबर झालं असतं का?" मी म्हटलं आणि बर्फी घेतली. आनंद खरा होता. तरी त्या दिवशी परत जाताना सदरच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून मी एकटीने तर्री पोहे खाल्ले, आणि एका प्लेटवर भागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाण होतं. उजवीकडे वळलं की विमानतळालगतच्या मिहानमध्ये हँगरबाहेर दुरुस्तीला आलेली मोठी विमानं खाली दिसायची. ती बघून मी अर्ज करत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात एका कंपनीचं बोलावणं आलं. लेखी परीक्षा झाली, मग दिल्लीजवळ सिम्युलेटरची चाचणी. सिम्युलेटर म्हणजे मोठ्या विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब नक्कल, जमिनीवरच हलणारी. तिथे दोन-दोन उमेदवारांच्या जोड्या लावल्या. माझा जोडीदार सैन्यातून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, माझ्या काकांच्या वयाचा. आयुष्यभर हेलिकॉप्टर चालवलेलं.

चहा पिताना ते म्हणाले, "हजारो तास आहेत माझ्याकडे. पण पंखा डोक्यावर होता, म्हणून इथे मी नवखा."

"माझेही शेकड्यांनी आहेत सर, पण विमानच बारकं."

"म्हणजे आपला दोघांचा अनुभव भरपूर आणि दोघांचाही चुकीच्या ठिकाणचा," असं म्हणून ते इतक्या जोरात हसले, की बाकीचे उमेदवार वळून बघायला लागले. माझी अर्धी भीती तिथेच गेली.

आधी ते डावीकडे बसून चालवणार होते आणि मी उजवीकडे लक्ष ठेवणार होते. बसले आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. समोरची यंत्रं अनोळखी, पण जागा तीच. मागे बसलेल्या परीक्षकांनी उतरता उतरता एक इंजिन बंद पाडलं. सरांची नजर त्या इंजिनाच्या आकड्यांवर खिळली आणि विमान ठरलेल्या उंचीच्या खाली जायला लागलं.

"सर, उंची," मी म्हटलं.

आवाज तोच निघाला, उमरेडच्या पोराला 'थांब' म्हणायचा. हात गुडघ्यावर. सरांनी लगेच नाक सावरलं आणि म्हणाले, "बरोबर. बोलत राहा." मग मी बोलत राहिले. नंतर मी चालवायला बसले, तेव्हा वेग माझ्या हातून निसटत होता आणि ते तितक्याच शांतपणे मला सांगत होते.

बाहेर आल्यावर परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही आधी एकत्र उडालाय का?"

"आजच चहा प्यायलो," सर म्हणाले.

मुलाखतीत मला नेहमीचा प्रश्न आलाच: एवढे तास आहेत, पण छोट्या विमानाचे, आम्हाला त्यांचा काय उपयोग? मी काही पाठ करून गेले नव्हते. इतके दिवस उजवीकडे बसून दुसऱ्याचे हात बघत आलेय आणि न ओरडता बोलत आलेय, एवढंच सांगितलं. परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

निवड झाल्याचा ईमेल आला तेव्हा मी गावी होते, आईबरोबर गच्चीवर मिरच्या पसरत होते. लाल हातांनीच मोबाइल धरला आणि डोळेही पुसले, त्यामुळे पुढचा अर्धा तास मी नुसती रडत होते आणि आई हसत माझ्या तोंडावर पाणी मारत होती. साताऱ्याच्या सरांचाही फोन आला. आम्ही दोघं एकाच तुकडीत होतो.

बाबा शेतातून आले. सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता एकटीले कवा चालवू देतीन?"

"एकटीले कधीच नाही, बाबा. दोघं राहतेच त्यात."

"हे बरं हाय," बाबा म्हणाले आणि चप्पल न काढता तसेच बाजाराकडे निघाले.