अनंतरावांची सुशीला

लातुरात आमच्या गल्लीत अनंतरावांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच माहिती असते. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. कॉलेज सुटलं की ते गच्चीवर पत्र्याखाली क्लास घेत आणि मुखेडपासून मुदखेडपर्यंतची पोरं तिथं घाम गाळत. गच्चीच्या भिंतीवर त्यांनी लाल ऑइलपेंटनं स्वतः लिहिलं होतं, 'जे परीक्षेला येत नाही, ते डोक्यात ठेवू नका.' पोरांनी ते इतकं मनावर घेतलं, की डॉक्टर-इंजिनियर झाल्यावर बहुतेकांच्या डोक्यात अनंतरावही राहिले नाहीत.

त्यांचा मुलगा मुकुल हा या उपदेशाचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी. भूकंप झाला त्या साली तो बारावीत होता. घरात झोपायची कुणाची छाती होत नव्हती. अख्खी गल्ली शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या बांधून राहत होती. जमीन हलली की लोक देवाचं नाव घेत, अनंतराव म्हणत, "मुकुल, लक्ष हिकडं दे, पुढचं गणित." सकाळी सौदामिनीवहिनी उघड्यावर स्टो पेटवून भलं मोठं पातेलंभर सुशीला करायच्या. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि डाळव्याचं, म्हणजे फुटाण्याच्या डाळीचं कूट. सगळी गल्ली द्रोण घेऊन रांगेत उभी. मी रांगेत दोनदा उभा राहायचो, वहिनी बघून न बघितल्यासारखं करायच्या.

मुकुलला चिक्कार मार्क पडले. तो शिकला, अमेरिकेला गेला, कोथरूडच्या देविकाशी लग्न करून ओहायोत स्थायिक झाला. इकडं क्लासेसचं पीक असं माजलं, की आमच्या गल्लीत घरांपेक्षा होस्टेलं जास्त झाली. मग वहिनी गेल्या. मुकुल आला, दिवस उरकले आणि परत गेला. त्यानंतर फोनवर त्यानं आईचं नाव कधी काढलं नाही, हे अनंतरावांना फार लागलं होतं. बोलत नसत, पण भिंत एकच असल्यानं मला कळायचं.

वर्षभरानं मुकुलनं फर्मान काढलं. बाबांनी कायमचं अमेरिकेत यायचं आणि घर एका क्लासवाल्याला विकून टाकायचं. क्लासवाला तर टेप घेऊन मापं काढायलाही आला, त्याच्या हिशेबात अनंतरावांच्या देवघरात चार कॉट बसत होत्या. अनंतराव म्हणाले, "आधी राहून बघतो. सकाळचं पोट भरलं तर राहीन, न्हाई तर परत."

ओहायोत सकाळचं पोट काही भरेना. देविका बिचारी प्रेमानं गार दुधात काहीतरी बुडवून द्यायची. "बाबा, यात फायबर आहे," म्हणायची. अनंतराव मला फोनवर म्हणाले, "शेषेराव, बैलालाबी आपण भिजवून कोमट देतो हो!" एकदा त्यांनी सुपरमार्केटातून मुरमुऱ्यांसारखं दिसणारं एक खोकं आणलं, पाण्यात भिजवलं, पिळलं आणि फोडणीत टाकलं. ते आधीच साखरेत घोळलेलं होतं. आयुष्यभर प्रयोगशाळेत पोरांना लेबल वाचायला लावणाऱ्या माणसानं लेबल वाचलं नव्हतं. तो खमंग शिरा त्यांनी गुपचूप कचऱ्यात टाकला.

मग वाचनालयामागं त्यांना एक किराणा दुकान सापडलं. तिथं मुरमुरे म्हणून बघितलं, डाळवं म्हणून बघितलं, हातवारे करून बघितले. दुकानदार इंग्रजीशिवाय तोंड उघडेना. शेवटी अनंतराव चिडले आणि त्यांच्या तोंडून लहानपणीचं देगलूरचं तेलुगू बाहेर पडलं, "अरे बाबा, मरमरालु! पुट्नालु!" दुकानदार गल्ला सोडून धावत आला. तो निघाला तेलंगणातल्या बोधनचा, म्हणजे देगलूरहून हाकेच्या अंतरावरचा. दोघं ओहायोत उभे राहून रझाकारांच्या काळातल्या आजोबांच्या गोष्टी करत बसले. माल संपला होता. दुसऱ्या दिवशी नवीन येणार होता.

त्या संध्याकाळी अनंतरावांनी मला फोन केला. आनंदात ते नेहमी ओरडून बोलतात. "सापडली हो शेषेराव! सुशीला सापडली! बोधनच्या माणसाकडं हाय. किती दिवसांपासून शोधायलो होतो! उद्या घरीच घेऊन येतो. पोराला अजून सांगितलं न्हाई."

बाहेरच्या खोलीत देविका उभी होती.

पुढचं अनंतरावांनी मला सांगितलंय, त्याला थोडं तिखटमीठ मी लावतोय. देविकानं मुकुलला सांगितलं. मुकुल रात्रभर येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी दोघांनी ठरवलं, की आपण सुशिक्षित माणसं आहोत, समजून घ्यायचं. संध्याकाळी देविकानं बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि श्रीखंड केलं, एक ताट जास्तीचं मांडलं आणि खणानारळाची ओटीसुद्धा तयार ठेवली. त्या सुशीलाबाईंना कुंकू लावायचं की नाही, यावर पुण्याला आईला फोन करून झाला होता.

अनंतराव पिशवी घेऊन आत आले. मुकुलनं त्यांच्या मागं दाराबाहेर बघितलं.

"बाबा, त्या कुठायत?"

"कोण त्या?"

"सुशीलाबाई. बाबा, तुम्ही एकटे आहात, आम्हाला कळतं. आमची काही हरकत नाही. फक्त आधी सांगायला हवं होतं."

अनंतरावांनी पिशवी टेबलावर उलटी केली. एक पुडी मुरमुऱ्यांची, एक डाळव्यांची. देविकाला काही कळेना, पण तिचा काय दोष, ती कोथरूडची. मुकुल मात्र लातूरचा होता. दहा बोटं बरबटवून हीच सुशीला खाऊन बारावी झालेला. बाईचं नाव ऐकून त्याला बाईच आठवली होती.

अनंतराव त्याच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझी चूक न्हाई. परीक्षेला येत नव्हती ती."

मग पुऱ्या बाजूला सारून ते ओट्याशी गेले. जन्मात चहा आणि त्या खमंग शिऱ्याखेरीज काही न केलेल्या माणसानं मुरमुरे भिजवले, पिळले, फोडणी दिली, कूट टाकलं, झाकण ठेवलं. ताट मुकुलसमोर आणलं. मुकुलनं एक घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. देविका सांगते, तिसऱ्या घासाला त्याची मान खाली गेली ती वर येईना.

"बाबा," तो म्हणाला, "कूट आधी टाकलंत. आई उतरवताना टाकायची. म्हणून हिचा गोळा झालाय."

आई! वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. अनंतराव समोरची खुर्ची ओढून बसले. बोलले तेही क्लासमधल्यासारखंच.

"मग? पास का नापास?"

"नापास."

"म्हणजे रिपीटर बॅच?"

"हं."

"कुठं बसू? इथं का लातूरला?"

मुकुलनं ताटाच्या कडेचा शेंगदाणा बोटानं उचलून तोंडात टाकला.

"लातूरला बसा बाबा," तो म्हणाला. "त्या क्लासवाल्याला उद्या मीच फोन करून नाही सांगतो. दिवाळीला आम्ही तपासायला येतो."