दोन कानांत दोन सूर

पेडण्याच्या कचेरीतली नोकरी मी पोटासाठी केली आणि रविवारच्या पुरवणीतलं सदर जिवासाठी. घर सर्वणला. डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे अशा बसगाड्या बदलत मी कामावर जायचो, आणि त्या सगळ्या वाटेत डोक्यात कुठल्या तरी नव्या सिनेमाची गाणी घोळत असायची. आठवड्याला एका सिनेमाच्या संगीतावर लिहायचं, असा शिरस्ता होता. संगीत मी कुणाकडे शिकलो नव्हतो. कान होते, एवढंच. सकाळी आंघोळ आटोपली की दिवाणखान्यातले दोन स्पीकर लावून बसायचं, एकेक गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, मग कचेरीत दुपारच्या सुट्टीत मजकूर खरडायचा.

लिहिलेलं पहिल्यांदा बायको वाचायची. ती बांद्याची. माहेरी गाणं शिकली होती आणि आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात पेटी धरून गायची. तिचं माझं क्वचितच पटायचं.

"ह्या गाण्याक तुमी वायट म्हटलात," ती म्हणायची. "माका बरा वाटला."

"तुका बरा वाटला म्हणून ता बरा झाला काय?"

"आणि तुमका वायट वाटला म्हणून वायट?"

यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. नुसतं आवडलं, नाही आवडलं, हे कुणीही सांगतं. मी कारण देतो. चाल अंतऱ्यात कुठे अडखळली, शब्दाचा भार चुकीच्या सुरावर कसा पडला, वाद्यांची गर्दी गळ्याला कुठे दाबते, हे मी दाखवून देतो. कारण देता आलं की आवडीची अभिरुची होते, असं मी मानत आलो होतो. लेखाच्या शेवटी "हे माझं मत" असं लिहायचो खरं, पण तो विनय होता. मनातून मला वाटायचं की मी बरोबर आहे.

गेल्या काही वर्षांत माझ्या लिहिण्यात एक बदल झाला. पूर्वी मी सुरावटीवर जीव टाकणारा. ज्या गाण्यात चाल नाही, नुसता ठेका आहे, त्याला मी दोन ओळींत निकालात काढत असे. पण हळूहळू मला तीच गाणी बरी वाटू लागली. ढोल, ताशा, यंत्रावरचे खोल ठोके, मधेच गद्यासारखी बोललेली ओळ. उलट बासरी आणि व्हायोलिनने भरलेली गोड गाणी नकोशी व्हायला लागली. त्यांत काहीतरी आंबट लागायचं. मी तसं लिहिलंही. आजच्या संगीतकारांनी गोडव्याच्या लोभापायी सूर पातळ केला आहे, आणि नव्या पिढीचा ठेका मात्र प्रामाणिक आहे, असं काहीसं. त्या मांडणीला कारणं शोधावी लागली नाहीत. ती आपोआप सुचत गेली.

लोकांना ते आवडलं. म्हापशाच्या कॉलेजातल्या एका मुलीने फोन करून सांगितलं, "सर, तुमच्या वयाचे लोक आमच्या गाण्यांना नावं ठेवतात. तुम्ही बदललात." मला फार बरं वाटलं. चहा पिताना बायकोला तीनतीनदा सांगितलं. माणसाची रुची या वयातही वाढू शकते, मी त्याचा पुरावा आहे, असंच मला वाटत होतं.

मग एका सकाळी पाववाला पोदेर आला. दारात येऊन भोंगा वाजवायची त्याची पद्धत सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवशी मला एकाच वेळी दोन भोंगे ऐकू आले. मी आतून म्हटलं, "आज दोन पोदेर खंयसून इले?"

बायको उंडे घेऊन आत आली. "एकच तर आसा," ती म्हणाली.

त्याच श्रावणात देवळात भजन होतं. बायको पेटीवर. पहिला अभंग सुरू झाला आणि माझ्या अंगावर शहारा आला, पण वाईट अर्थाने. वरच्या पट्टीतला प्रत्येक स्वर फाटलेला. एकाच वेळी दोघे गात आहेत आणि त्यांचं जमत नाही, असं. मी मान खाली घालून बसलो. घरी येताना म्हटलं, "पेटी उतरली आसा. म्हापशाक नेऊन सूर लावून घेऊया."

"पेटी काय वायट नाय," ती म्हणाली.

"मग तुझा गळा बसला असतलो."

ती रस्त्यातच थांबली. बाजूने देवळातून परतणाऱ्या बायका चालल्या होत्या, त्यांना पुढे जाऊ दिलं. मग म्हणाली, "घराकडे चला. माका एक बघूचा आसा."

घरी आल्यावर तिने पेटी काढली, भाता मारला आणि वरच्या सप्तकातला एक स्वर धरून ठेवला. "आता डावो कान बंद करा," ती म्हणाली. मी बोट घातलं. स्वर नितळ झाला. "आता उजवो." मी उजवा बंद केला, आणि तोच स्वर वर चढला. जवळजवळ अर्धा सूर. तिने बोट हलवलं नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघत होतो.

"परत," मी म्हटलं. तिने परत केलं. मी कान बदलत राहिलो. स्वर खाली, स्वर वर. शेवटी तीच थांबली आणि पेटीवर झाकण घातलं.

म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. शांतपणे समजावलं. डाव्या कानाच्या आतल्या भागाला इजा झाली आहे. वयामुळे असेल, कधीतरी झालेल्या एखाद्या आजारामुळे असेल, नक्की सांगता येणार नाही. असं झालं की काहींना वरचे स्वर चढे ऐकू येतात. खालचे स्वर, ठोके, बोलणं, यांत फारसा फरक पडत नाही.

"यंत्र लावलं तर?" मी विचारलं.

"आवाज मोठा होईल. पण सूर बरोबर होणार नाही."

"केव्हापासून असेल हे?"

"हळूहळू झालेलं दिसतं. मेंदू बराच काळ सांभाळून घेतो. माणसाला वाटतं, गाणंच बरं नाही."

बाई सहज बोलून गेल्या. त्यांना माझ्या सदराविषयी काही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. ठोके बरे, बासरी वाईट. खोल आवाज प्रामाणिक, वरचा सूर पातळ. माझी वाढलेली अभिरुची ती हीच. त्या कॉलेजच्या मुलीने ज्याचं कौतुक केलं तो माझा बिघडलेला कान होता. आणि मी त्याला कारणं दिली होती! चांगली, पटण्यासारखी, मुद्देसूद कारणं. जशी सुरुवातीपासून देत आलो, अगदी तशीच. मग आधीच्या कारणांचं काय? कान शाबूत असताना जे लिहिलं, तेसुद्धा कशावरून माझं होतं? तेव्हा पोट बरं असेल, ऊन कमी असेल, कचेरीत साहेब बोलला नसेल. एखादं गाणं मला का आवडलं, हे मला एकदाही कळलं नसण्याची शक्यता होती. डिचोली आली तरी मला उतरायचं भान नव्हतं. कंडक्टरने हाक मारली तेव्हा उतरलो.

संपादकांना मी फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं की सदर थांबवूया.

ते मनापासून हळहळले. मग म्हणाले, "पण थांबवायचं कशाला? लिहीत राहा. कोणाला कळणार आहे?"

"अहो, मला चूक ऐकू येतं."

"गाण्यात चूक-बरोबर काय असतं? शेवटी मत ते मत. तुम्हीच दर वेळी लिहिता ना तसं."

त्यांचा हेतू चांगला होता. धीर द्यायचा म्हणून ते बोलले. पण त्या वाक्यानंतर मला फोन धरवेना. मी इतकी वर्षं जे केलं ते ऐकू न येताही करता येण्यासारखं होतं, असं ते मला सांगत होते, आणि माझ्याकडे खोडून काढायला काही नव्हतं.

मी एकाच कानाने ऐकून पाहिलं. डाव्या कानात कापसाचा बोळा. पण बोळ्यातूनही थोडं आत जायचंच, आणि ते थोडंच सगळं नासवायचं. जुनी, लहानपणापासूनची गाणी लावून पाहिली, म्हटलं ती आठवणीत तरी पक्की आहेत. तीही आंबली. उलट त्या ऐकण्याने आठवणीतला मूळ सूरच पुसट व्हायला लागला, तेव्हा घाबरून बंद केली.

बायको म्हणाली, "मी आयकतंय आणि तुमका सांगतंय. तुमी लिवा."

एका रविवारी आम्ही तसं करायला बसलो. ती आतल्या खोलीत गाणं ऐकून बाहेर आली.

"चाल बरी आसा. शांत."

"शांत म्हणजे कशी? अंतरो वर जाता?"

"जाता."

"आणि व्हायोलिन?"

"आसत."

"आसत म्हणजे काय? गळ्याच्या पाठीमागे आसत काय गळ्यार चढतत?"

ती परत आत गेली, परत ऐकून आली. "पाठीमागे."

"मग ता बरा झाला काय वायट?"

"माका बरा वाटला."

"का?" मी ओरडलो. "का बरा वाटला ता सांग ना!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माका ठावक नाय," ती म्हणाली. "माजे कान तुमचे होवचे नाय. मी काय करू?"

मी कागद बाजूला ठेवला. त्या दिवशी आम्ही जेवलोही नीट नाही. संध्याकाळी तिने भात उकळत ठेवला आणि मी अंगणात जाऊन बसलो. त्यानंतर असा प्रयत्न आम्ही केला नाही.

सदर बंद झालं. माझ्या जागी पुढच्या रविवारी मोरजीच्या बाजूला होणाऱ्या बंगल्यांची जाहिरात आली. मला वाटलं होतं, कोणी तरी विचारेल. पेडण्याच्या कचेरीत एकाने विचारलं, "अलीकडे लिहीत नाही वाटतं?" आणि उत्तराची वाट न बघता फाईल पुढे केली.

बायको अजून भजनाला जाते. मी जात नाही. तिच्या गाण्याला मी वाईट म्हणणार नाही, पण माझ्या चेहऱ्यावर जे येतं ते तिला पेटीवरून दिसतं, आणि तिचा सूर डळमळतो. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मीच ओळखलं आणि घरी राहू लागलो. घरात तिचं गुणगुणणंही थांबलं आहे. कांदा चिरताना ती गायची, आता नुसता विळीचा आवाज येतो.

परवा दुपारी ती मागच्या बाजूला विहिरीपाशी कपडे वाळत घालत होती. मोबाईल कपडे धुवायच्या पाथरीवर ठेवलेला, आवाज अगदी बारीक. मी पाणी काढायला म्हणून गेलो. मला बघताच तिने ओला हात पदराला पुसला आणि गाणं बंद केलं.

"रवांदे, लाव," मी म्हटलं.

"नाका. झालाच होता."

"कसला होता?"

"नव्या सिनेमाचा."

"कसा आसा?"

तिने लुगडं झटकून दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमका आवडला नसता."

"माका? पयल्या माका काय आताच्या?"

ती बादलीकडे वाकली. बादलीत आणखी कपडे होते. मी ते एकेक करून तिच्या हातात देत राहिलो.