देवा, पाटी घेऊन ये

माझ्या पहिलीच्या वर्गाचा आवाज किती मोठा होता हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. नव्वदच्या त्या वर्षांत आमच्या तांड्यावरच्या शाळेला वर पत्रे होते आणि सकाळच्या भजनानं त्या पत्र्यांचे खिळे ढिले व्हायचे. वसमतहून हट्ट्याकडे निघालेल्या एसटीचा ड्रायव्हर एकदा टायर फुटला म्हणून खाली उतरला. टायर शाबूत होता. माझी लेकरं भजन म्हणत होती.

भजन मीच रचलेलं. लेकरांच्या घरी बंजारा बोली, पुस्तकातली मराठी त्यांना परक्या पाहुण्यासारखी. विचारलं की तोंडाला कुलूप, पण गाण्यात सगळं उघडायचं. ‘देवा, शाळेला ये, पाटी घेऊन ये, माझ्याजवळ बस.’ बस, एवढंच. त्यावरूनही भांडणं.

“बाई, काल देव हिच्याजवळ बसला. आज माझ्याजवळ!”

अडचण एकच होती. मी शिकवायची संथ, टाळाच्या चालीत. लेकरं दुसऱ्या कडव्याला लेंगीवर जायची. होळीला तांड्यात रिंगण धरून म्हणतात ती गाणी म्हणजे लेंगी. ती त्यांच्या पायातच होती. माझा देव डुलत निघायचा आणि यांचा धावत पोचायचा.

शेजारच्या मोठ्या गावात हरिनाम सप्ताह बसला, तेव्हा मी तिथल्या भजनी मंडळाच्या बुवांना गाठलं. म्हटलं, माझ्या लेकरांना एक भजन म्हणू द्या.

“बाई, तुमची लेकरं भजन म्हणून राहिलीत का वरात काढून राहिलीत? रस्त्यावरून ऐकलं आमी.”

“तुमच्या चालीत म्हणतील, बुवा. बराबर म्हणतील.”

“म्हणू द्या. पण चाल सुटली की लेकरं खाली. मंग रुसायचं न्हाई.”

हे कळलं आणि तांड्यातल्या आयांनी पेटीतले आरशांचे घागरे बाहेर काढले. आजवर त्या मंडपाच्या कडेला उभ्या राहून प्रसाद घेऊन परतायच्या. आता त्यांची लेकरं पुढं बसणार होती. तीच लेकरं सगळ्यांदेखत उठवली गेली असती, तर तांड्यावर तोंड दाखवायची माझी सोय नव्हती.

मग सराव. मी तळहात वर धरला की सावकाश. इतका वेळ धरायची की त्यावर चिमणीनं घरटं बांधायचंच काय ते बाकी होतं.

सप्ताहाच्या दुपारी लेकरं मंचावर बसली, पखवाज लागला आणि पहिलं कडवं असं संथ झालं की बुवांनी डोळे मिटले. दुसऱ्याच्या तोंडाशी मागून टाळ्या आल्या. आयांच्या. होळीच्या.

“याडी!” एक पोरगं आईला बघून ओरडलंच.

सगळ्यांचे गुडघे हलायला लागले, पण नजर माझ्या तळहातावर. ओठ थरथरतायत, तरी चाल सोडत नाहीत. बुवांनी डोळे उघडले, तेही माझ्याकडेच बघत होते. इतकी शहाणी लेकरं मला बघवेनात. मी हात खाली घेतला.

मंडपाचे बांबू जागचे हलले. देवळातली घंटा आपोआप वाजली, शपथेवर सांगते. म्हातारा पखवाजवाला आधी दचकला, मग फेटा काढून बाजूला ठेवला आणि लेकरांचा वेग गाठायला लागला. भजन संपलं तसे बुवा उठले.

“उतरवता काय?” मी विचारलं.

“उतरवतो कशाला? आमचा पखवाजवाला दमवला यांनी! लेकरांनो, आता दुसरं म्हणा.”

पुढच्या रांगेतली पोरगी म्हणाली, “दुसरं येतच न्हाई.”

“मंग तेच म्हणा!”

तेच म्हटलं. परत तेच. देव त्या दुपारी इतक्यांदा शाळेला आला की त्याची हजेरी माझ्यापेक्षा जास्त भरली.

पुढं दोन हजार साल उलटलं तरी दर सप्ताहात मंडळ ते भजन म्हणायचंच, आमच्याच वेगात. पांढऱ्या मिशांचे बुवा मान हलवत देवाला पाटी घेऊन बोलवायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, “ही आमची आज्यापासूनची चाल.”

तांड्यातल्या आया आता मंडपात मधोमध बसायच्या, मी त्यांच्यात. एखादी कोपरानं ढोसायची.

“बाई, काहून गप बसल्या? सांगा की, कुणाची चाल हाय ते.”

“बुवा गाऊन राहिलेत ना,” मी म्हणायची. “टाळी वाजव.”